गोव्यात आतल्या रस्त्यांनी सायकल प्रवास: पाणी किती, कशात आणि कुठून

प्रश्न असा आला आहे: तिघे मित्र फेब्रुवारीच्या शेवटी पेडण्याहून निघून डिचोली, साखळी, वाळपई, मोले, सांगे, नेत्रावळी असं करत पाच दिवसांत काणकोण गाठणार आहेत. सोबत तंबू आणि छोटा स्टोव्ह आहे. सायकलला दोनच बाटल्यांची सोय आहे. पाठीवर तीन लिटरची पाण्याची पिशवी घ्यावी, की पुढच्या फोर्कला बाटल्या बांधाव्यात? फिल्टर लागेल का? तिघांतल्या एकाचं म्हणणं आहे की गोव्यात पावलोपावली दुकान असतं, तर एवढा विचार कशाला.

त्याचं म्हणणं किनारपट्टीपुरतं खरं आहे. हरमल ते कोलव्यापर्यंत तहानलेलं राहायचं असेल तर मुद्दाम ठरवून राहावं लागेल. पण तुमची वाट सह्याद्रीच्या पायथ्याची. तिथे वाडे, म्हणजे वस्त्या, विरळ आहेत, आणि गावात दुकान आहे म्हणजे ते उघडं असेल असं नाही. दुपारी एकच्या सुमारास पोसरो (गावातलं किराणा दुकान) बंद होतो, तो चारशिवाय उघडत नाही. आतल्या भागात रविवारी दुपारनंतर काही धरून चालू नका. शिगमो, म्हणजे इथला शिमगा, जवळ आला असेल तर सत्तरीत दुकानदारसुद्धा मांडावर, उत्सवाच्या जागी, सापडेल. त्यामुळे माझा नियम साधा आहे: साडेबारा वाजता जिथे असाल तिथे सगळ्या बाटल्या काठोकाठ भरायच्या. बाटली अर्धी भरलेली आहे, पुढच्या गावात बघू, हे तेव्हा चालणार नाही. कारण पुढचं गाव झोपलेलं असतं.

दिवसाला किती लिटर, हा हिशोब मी कधी करत नाही. भरवशाच्या एका ठिकाणापासून पुढच्या भरवशाच्या ठिकाणापर्यंत किती तास, एवढंच पाहतो. फेब्रुवारीअखेरच्या गोव्यात सामान लादलेली सायकल चालवताना ताशी पाऊण लिटर धरा, चढावर किंवा अकरानंतरच्या उन्हात एक लिटर. त्यावर अर्धा लिटर राखीव. म्हणजे दोन तासांचं अंतर असेल तर दोन लिटर, तीन तास आणि मध्ये घाट असेल तर साडेतीन. तुमचा स्वतःचा आकडा काढायचा असेल तर निघण्याआधी एखाद्या दुपारी तासभर सायकल चालवा. आधी आणि नंतर वजनकाट्यावर उभे राहा, घामाचे कपडे काढून. जितके ग्रॅम कमी झाले, त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. तो तुमचा तासाचा घाम. एकाच सायकलवर, एकाच वेगात दोन माणसांचे आकडे दुप्पट वेगळे येऊ शकतात, म्हणून मित्राचा आकडा वापरू नका.

इथे उन्हापेक्षा दमट हवा जास्त छळते. पारा तेहतीस-चौतीसवर असतो, बेळगावपेक्षा फार वेगळा नाही, पण घाम सुकत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढतं. बाटलीवर ओला मोजा चढवून पाणी गार ठेवायची युक्ती देशावर मस्त चालते, पण बाष्पीभवन होईल तेव्हाच ती चालणार. किनाऱ्याजवळ तिचा उपयोग जेमतेम. चोर्ल्याच्या वर किंवा सांग्याच्या पलीकडे कोरडा वारा असेल तेव्हा करून बघा.

आता तुमची वाट. पेडणे ते डिचोली, साखळी हा भाग सोपा, दोन बाटल्या पुरतात. साखळीहून वाळपईलाही अडचण नाही. वाळपईच्या बाजारात मात्र नीट भरून घ्या. तिथून होंडा, उसगाव, तिस्क करत राष्ट्रीय महामार्गाला लागलात की धारबांदोडा ते मोले पुन्हा हॉटेलं मिळतात. मोल्यानंतर कुळे, काले, सांगे. झाडी आहे, पण दुपारी शुकशुकाट असतो. सांग्याहून नेत्रावळी आणि तिथून रिवण, केपे हा तुमच्या वाटेतला सगळ्यात कोरडा तुकडा. कोरडा म्हणजे पाणी नाही असं नव्हे. साळावलीचा अख्खा जलाशय शेजारी पसरलेला असतो, पण तुमच्या बाटलीत येण्यासारखं त्यातलं काही नाही. सांग्यात माणशी चार लिटर भरा. शेवटच्या दिवशी बाळ्ळीला भरलंत की करमल घाट ओलांडून थेट काणकोणातल्या 'चार रस्ता' नाक्याला या. घाट फार मोठा नाही, पण मध्ये थांबायला जागा नाही आणि ट्रक सुसाट येतात.

वाकडी वाट करून चोर्ला घाट चढायचा मोह झाला तर केरीत चार लिटर भरा. सत्तरीतल्या केरीत. पेडण्यातलं केरी तेरेखोलच्या तोंडाशी आहे, आणि फोनमधला नकाशा दोन्ही सारख्याच उत्साहाने दाखवतो.

पाणी दिसेल तिथे भरता येत नाही, हे गोव्यात कुठल्याही घाटमाथ्यापेक्षा जास्त खरं आहे. मांडवी आणि जुवारी या भरतीच्या नद्या आहेत. पावसाळा संपला की खारं पाणी समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत चढत जातं. फिल्टर मीठ काढत नाही, हे लोक विसरतात. खाजन जमिनीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बाजूची तळी, मानशीजवळचं (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचं) पाणी, किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्याच्या तोंडावर मचूळ व्हायला लागतात. जिभेला किंचित जरी खारट लागलं तरी ते प्यायचं नाही, कारण त्याने तहान भागायच्या ऐवजी वाढते.

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या पट्ट्यात खनिजाच्या खाणी होत्या, काही पुन्हा सुरूही झाल्या आहेत. २०१२ मध्ये त्या थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजेस रद्द केल्या, पण डोंगरातले खड्डे तसेच राहिले. त्यांत हिरवट-निळं, आरशासारखं पाणी साचलेलं असतं आणि फोटोत ते फार सुंदर दिसतं. ते प्यायचं नाही आणि त्यात उतरायचंही नाही, काठ सरळ खोल तुटलेले असतात. खाणींच्या खालच्या बाजूचे व्हाळ, म्हणजे ओढेही, तसेच. गाळ गाळून जाईल, उकळून जंतू मरतील, पण पाण्यात विरघळलेलं लोह आणि मँगनीज तुमच्या खिशातल्या फिल्टरला जुमानत नाही. तिळारीच्या कालव्याचं पाणी पेडणे-डिचोलीच्या वाटेवर भेटेल, तेही शेतीचं आहे. हातपाय धुवा, पुढे व्हा.

मग भरायचं कुठे? पेट्रोल पंपावर. पिण्याचं पाणी मोफत ठेवणं पंपांना बंधनकारक आहे आणि ते दुपारी झोपत नाहीत. देवळांत, विशेषतः जिथे अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याची जागा, आहे तिथे. कदंब या सरकारी बससेवेच्या स्थानकांवर. हॉटेलात चहा घेतलात तर वीस लिटरच्या जारमधून बाटल्या भरू द्या म्हणा, पैसे देऊ केलेत तर बहुतेक जण घेत नाहीत. आणि घरांत. घराच्या दारात 'काकी, पाणी मिळेल काय?' म्हटलं की आधी तांब्या येतो, मग कुठून आलात याची चौकशी, मग बाटल्या पुढे केल्या की कळशी. बाटली कळशीत बुडवू नका. तुमच्या बाटलीच्या तळाला रस्त्याची घाण असते आणि ती कळशी त्यांच्या घरच्या पिण्याची असते. त्यांना ओतू द्या, तुम्ही बाटली धरा. आणि अंगणातली विहीर दिसली म्हणून थेट पोहरा टाकू नका. रिवणच्या अलीकडे एका आजीने मला हात धरून मागे ओढलं होतं: "ती गोरवांची रे बाबा, पियेवपाचें सकयले झरीचें." म्हणजे ती विहीर गुरांची, प्यायचं पाणी खालच्या झरीचं. घरातल्या माणसांना ठाऊक असतं कुठलं पाणी कशाचं. आपल्याला ते बघून कळत नाही.

झरींवर गोव्याच्या माणसाचा जीव असतो, माझाही आहे. पण झरीच्या वरच्या अंगाला वस्ती, शौचालयाची टाकी किंवा गोठा असेल तर ते पाणी कितीही गार आणि नितळ असो, मी ते तसंच पीत नाही. चढावर मान वर करून बघा, वर काय आहे. तेवढी तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. पावसाळ्यात तर विहिरीसुद्धा काठापर्यंत भरतात आणि अंगणातलं पाणी आत वाहतं, तेव्हा उन्हाळ्यापेक्षा जास्त जपावं लागतं.

आणखी एक, जे बाहेरून येणाऱ्यांना कोणी सांगत नाही. सत्तरीत आणि शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि त्याचा हंगाम नेमका जानेवारी ते मेदरम्यानचा. तो पाण्यातून येत नाही, गोचिडीतून येतो. पण व्हाळावर पाणी भरायला पाचोळ्यातून उतरलात, काठावर बूड टेकून बसलात, की गोचिडी चढतात. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला जाऊच नका, वनखात्याला कळवा. पाणी भरायला जाताना पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी एकमेकांचे गुडघ्यामागचे, काखेतले भाग तपासा.

आता कशात न्यायचं. पाठीवरची पिशवी घेऊ नका. तीन लिटर म्हणजे तीन किलो, ते दिवसभर खांद्यावर आणि बुडावर बसतात, पाठ वारा खात नाही आणि दुसऱ्या दिवशी घामोळं उठतं. शिवाय आत किती उरलं ते दिसत नाही. नळीने शेवटचा घोट ओढेपर्यंत संपलं हे कळत नाही. गोव्याच्या हवेत ती नळी कधी पूर्ण वाळत नाही, आठवड्याभरात आत काळे ठिपके धरतात. पिशवी आधीच विकत घेतली असेल तर ती फ्रेम बॅगेत खाली आडवी ठेवा. पण आधी फ्रेमच्या आतल्या बाजूचे बोल्टचे माथे जुन्या ट्यूबच्या तुकड्याने झाका, नाहीतर खडबडीत रस्त्यावर घासून ती फुटते. आणि पूर्ण भरून चेन लावल्यावर दोन पेडल मारून बघा. फुगलेली बॅग गुडघ्याला घासते.

माझी रचना अशी: फ्रेममध्ये दोन बाटल्या, फोर्कच्या दोन्ही बाजूंना एकेक लिटरची रुंद तोंडाची बाटली, आणि चार लिटरची घडी होणारी रिकामी पिशवी सामानात. फोर्कला तीन बोल्टची भोकं नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातला होज क्लॅम्प आणि खाली ट्यूबची पट्टी चालते, मात्र कार्बन फोर्कवर आणि सस्पेन्शनच्या सरकत्या भागावर नाही. दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा. एकीकडची संपवून दुसरीकडची भरलेली ठेवली तर उतारावर हँडल ओढतं, म्हणून दोन्हींतून आळीपाळीने प्या. बाटली धरणारे ॲल्युमिनियमचे वेल्ड केलेले हलके केज चिऱ्यांच्या रस्त्यावर तुटतात. जाड प्लास्टिकचा किंवा स्टीलचा घ्या. रोज संध्याकाळी सगळे केजचे बोल्ट हाताळा आणि दोन-तीन एम-फाइव्ह बोल्ट जवळ ठेवा. स्टीलच्या थर्मासचा आग्रह असेल तर एक ठेवा. रिकामीच अर्ध्या किलोच्या आसपास भरते, पण दुपारी तीन वाजता गार घोट मिळाला की माणूस जास्त पाणी पितो, हा फायदा खरा आहे.

सायकलच्या फ्रेमच्या खालच्या नळीवरच्या बाटलीचं तोंड ही या सगळ्यातली सगळ्यात घाणेरडी जागा. पुढच्या चाकाने उडवलेली तांबडी माती तिथे बसते, आणि त्या मातीत शेण आणि गुरांचं मूत असतं. लोक बारा हजारांचा फिल्टर घेतात आणि मग त्याच तोंडाला ओठ लावून पितात. शर्टाने पुसून काही होत नाही, चिखल फक्त खाचेत जातो. झाकणावर टोपी असलेली बाटली तिथे लावा, किंवा ती बाटली फक्त स्वयंपाकाच्या पाण्यासाठी ठेवा आणि पिण्याची हँडलजवळच्या छोट्या पिशवीत. पावसाळ्यात हे विशेष पाळा. लेप्टोचे जंतू याच ओल्या घाणीतून येतात.

फिल्टर लागेल का? तुमच्या वाटेवर बहुतेक पाणी घरातलं, पंपावरचं, जारमधलं असेल, तेव्हा रोज लागणार नाही. पण जवळ हवा. ०.१ मायक्रॉनचा पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. काविळीचे ए आणि ई हे दोन्ही विषाणू आहेत. म्हणून संशयित पाणी आधी फिल्टर, मग क्लोरीनची गोळी. नुसती गोळी क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला पुरेशी नाही, नुसता फिल्टर काविळीला पुरेसा नाही. स्टोव्ह आहेच, तर संध्याकाळचं पाणी खळखळ उकळा, एक मिनिट पुरे. गढूळ असेल तर आधी दुपदरी रुमालातून गाळा, नाहीतर फिल्टर लगेच चोंदतो. फिल्टर उलटा धुण्याची पिचकारी विसरू नका. तो प्लास्टिकच्या बाटलीच्या आट्यांवर बसवणार असाल तर घरीच बसवून बघा. कोल्ड्रिंकच्या बाटलीला सहसा बसतो, मिनरल वॉटरच्या हल्लीच्या पातळ, आखूड मानेच्या बाटल्यांना बरेचदा नाही.

गोळी टाकण्याची रीत. गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाका, झाकण लावा, हलवा. ती विरघळली की बाटली उलटी करून झाकण पाव आटा सैल करा, थोडं पाणी आट्यांतून गळू द्या, मग घट्ट करा. नाहीतर आतलं पाणी शुद्ध होतं आणि आट्यांत अडकलेला न शुद्ध झालेला थेंब पहिल्याच घोटात ओठाला लागतो. अर्धा तास थांबा. लिंबू, सरबताची पूड, कोकमाचं आगळ असलं काही त्या अर्ध्या तासात घालू नका, त्याने क्लोरीन मरतं. अर्ध्या तासानंतर मात्र जरूर घाला, वासही जातो.

आगळाचा विषय निघालाच आहे तर, छोट्या बाटलीत मीठ घातलेलं कोकमाचं आगळ सोबत ठेवा. दोन चमचे एका बाटलीत. मीठही मिळतं आणि तोंडाला चवही. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं आणि घामातून मीठ जात राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि सोबतचे त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. दुपारच्या जेवणात पेज आणि लोणचं मिळालं तर सोडू नका. जुलाब झाले तर मात्र आगळावर भागवू नका, ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरात नाही. पुडी औषधाच्या दुकानातून घ्या आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघा. गोड पेयांच्या नावात ओआरएस मिरवायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, मनाई केली, ती उगाच नव्हे. साखर किंवा आगळ एकाच बाटलीत असू द्या. बाकीच्यांत साधं पाणी ठेवा, कारण जखम धुवायला, डोळ्यात गेलेली माती काढायला तेच लागतं. आणि गोड बाटली रात्री तंबूबाहेर ठेवली तर सकाळी ती मुंग्यांची झालेली असते.

शहाळं मिळालं तर प्या, पण त्याच्या भरवशावर निघू नका. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगामही तुमच्याच वाटेत सुरू होत असेल. संध्याकाळी मुक्कामावर पोचल्यावर काय करायचं ते करा, पण त्याला पाण्याच्या हिशोबात धरू नका, उलट तेवढं पाणी जास्तीचं लागेल.

मुक्कामाचं पाणी वेगळं मोजा. रात्रीचं जेवण, चहा, भांडी, दात, रात्री दोन वेळा उठून पिणं आणि सकाळी पहिल्या तासाचं, असं माणशी अडीच ते तीन लिटर. हे दिवसभर वाहायचं नाही. ती घडीची पिशवी याचसाठी. मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या वाड्यावर ती भरा, मागच्या कॅरिअरवर आडवी बांधा, शेवटचे काही किलोमीटर हळू चालवा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकू नका. मोले, नेत्रावळी दोन्हीकडे गवे रात्री पाण्यावर येतात, म्हणून व्हाळाच्या काठापासूनही लांब राहा. गावात विचारलंत तर देवळाचा मंडप किंवा शाळेचा व्हरांडा बहुधा मिळतो, आणि तिथे नळ असतो.

तिघांत फिल्टर एक पुरे, स्टोव्ह एक पुरे. गोळ्यांची पट्टी आणि ओआरएसच्या दोन पुड्या मात्र तिघांच्याही स्वतःच्या बॅगेत हव्यात. पंक्चर काढायला एक जण मागे राहिला आणि फिल्टर पुढच्याकडे असला, असं हटकून होतं.